कुसुम आणि बिनकव्हरचं भुताचं पुस्तक

कुसुम आज सकाळी गेली.
खरं तर ती साठ वर्षांपूर्वीच जायची होती. एका भुताच्या पुस्तकाने तिला थांबवलं.

तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता. आम्ही दोघी लोणारला नववीत. तिचे वडील शाळेत गुरुजी, माझे तिथेच क्लार्क. घराला घर लागून.

पुस्तक तिच्या मामाने अकोल्याहून आणलेलं. कव्हर फाटलेलं, त्यामुळे नाव कधी कळलंच नाही.
शाळा सुटली की गोमुखाच्या धारेजवळच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून वाचायचो. ती मोठ्याने, मी तिचा दंड धरून.

हिरॉईन शोभा. गणितात काठावर पास, कुणी जोरात बोललं की डोळ्यात पाणी. आम्हाला वाटायचं, ही आपल्याच वर्गातली.

शोभा सुट्टीत आत्याकडे जाते. तिथे परसात रोज एक ओलं लुगडं वाळत असतं. घरात ते नेसणारं कुणीच नाही.
ती विचारते, कुणाचं?
आत्या एक सांगते. काका दुसरं. मोलकरीण तिसरं. सगळे हसून सांगतात.

आम्हाला त्या हसण्याचीच भीती वाटायची. भूत तर अजून आलंही नव्हतं.

अर्धं पुस्तक झालं आणि कुसुमला पाहायला पाहुणे आले. बीबी गावाच्या पलीकडचे. मोठी शेती. मुलगा तिशीचा, पहिली बायको वारलेली.

मी तिच्यासोबत होते. स्वयंपाकघरात मुलाची आई म्हणाली, "तापानं गेली बिचारी. तीन दिसांत."

कुसुम चहा घेऊन बैठकीत गेली. मी मागे, पोह्यांच्या बशा घेऊन. तिथे मुलाचा काका गुरुजींना सांगत होता, "पान लागलं हो तिले, वावरात. साप दिसलाबी नाही."

मला शोभा आठवली. कुसुमलाही आठवली असणार.

तिने ट्रे खाली ठेवला आणि सरळ मुलाला विचारलं,
"पहिली बाई कायनं वारली?"

तो खाली पाहत म्हणाला, "बाळंतपणात."

त्याने चहा पूर्ण प्यायला.
उठताना काका हसला. "पोरगी लय वाचते वाटते, गुरुजी."

त्या संध्याकाळी गुरुजींनी कुसुमला पहिल्यांदा मारलं. पुस्तक चुलीत गेलं. सोयरीक मोडली. कित्येक महिने ते तिच्याशी धड बोलले नाहीत.

त्या माणसाचं लग्न उन्हाळ्यात झालं. मुलगी दूरच्या गावची, आमच्याच वयाची.
दिवाळीनंतर ती विहिरीत सापडली.

गुरुजी बाजारातून ही बातमी घेऊन आले. ओसरीवर बसले, टोपी काढली.
"पाय घसरला म्हणतात."
"कोन म्हनते?" कुसुमने विचारलं.
"सारेच. सासू, काका, नवरा. सारे एकच सांगून राह्यले."

कुसुमने त्यांची टोपी उचलून खुंटीला अडकवली.
मग म्हणाली, "या खेपी ठरवून ठेवलं त्यायनं, आबा. मी इचारल्यामुळं."

गुरुजींनी तिला जवळ घेतलं नाही, तशी पद्धतच नव्हती. पण मॅट्रिक होईस्तोवर त्यांनी तिच्या लग्नाचा विषय काढला नाही.

कुसुम पुढे शाळेत बाई झाली. वरवट बकालला नोकरी, तिथेच संसार. नवरा भला मिळाला.
शाळेतल्या एखाद्या मुलीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं की ही एसटीने मुलाच्या गावी जाऊन यायची. चार घरी पाणी मागायची आणि चारही घरी तेच विचारायची, माणसं कशी आहेत. दोन लग्नं तिने मोडली. भरपूर शिव्या खाल्ल्या.

मी म्हणायचे, "तू तर वाचलीस ना?"
"हाव. मी वाचली," म्हणायची, 'मी'वर जोर देऊन.

मागच्या महिन्यात फोन आला होता. आवाज अगदी बारीक झालेला.
"त्या विहिरीतल्या पोरीचं नाव मले आजवर कळलं नाही वं. इचारायचंच राहून गेलं."

मलाही माहीत नव्हतं.

कुसुम, नीट जा. तुला माझा शेवटचा नमस्कार.
आणि तिलाही.