पागेला हरकत नाही

धोंडू तांडेलाला सगळा गाव पागी म्हणायचा. पाग म्हणजे खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गोल फेकायचं हातजाळं, आणि ते धोंडूनेच फेकावं. होडीवर जाणं त्याने कधीच सोडलं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा बाळा होडीवर गेला तो परत आलाच नाही. वादळ शमल्यावर होडीची फळी किनाऱ्याला लागली, पोर लागलं नाही.

अग्नी द्यायला काही हाती आलं नाही, तेव्हा बाळाच्या आईने, सीतेने, आपल्या मनानेच एक केलं. गावाच्या वर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, त्यावर देवाची राई. राईच्या कडेला सुरंगीचं एक झाड होतं, तिथून सगळा समुद्र दिसायचा. त्या झाडाच्या बुंध्याशी तिने जांभ्याचा एक तुकडा मांडला आणि हाच आपला बाळा असं ठरवलं. गावात असा काही रिवाज नव्हता, पण तिला नको कोण म्हणणार? दर सोमवारी ती वर जायची, मूठभर भात ठेवायची आणि बसून घरचं सगळं सांगायची. कुणाला मुलगी झाली, कुणाचं लग्न ठरलं, परसातला फणस यंदा कसा लागलाय. धोंडू मात्र एकदाही वर गेला नाही, त्याची छातीच व्हायची नाही. सीता रडून, हलकी होऊन खाली आली की त्यालाही जेवण जायचं.

राईत कुऱ्हाड चालवायची नाही आणि सड्यावर घर बांधायचं नाही, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलं होतं. सरकारच्या लेखी मात्र तो सगळा सडा म्हणजे नुसती पड जमीन. घाटावरच्या एका सरदारांना ती आवडली. संस्थान गेलं तरी त्यांचे घोडे राहिले होते आणि घोड्यांची हौसही. फोंडाघाट उतरून ते मोटारीने आले, वारा खात उभे राहिले आणि इथेच मोठा बंगला बांधायचा, घोडे ठेवायचे, सकाळी समुद्राकाठच्या पुळणीवर दौडवायचे, असं त्यांनी ठरवलं. सरदार माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

गावाची काही हरकत आहे का, ते विचारायला मालवणच्या कचेरीतून एक कारकून आला. देवळासमोर गाव जमला. ग्रामपंचायत नवी नवी होती आणि धोंडू तिच्यात पंच म्हणून निवडून आलेला. कारकून छापील मराठीत म्हणाला, सड्यावर सरदारांतर्फे पागा व तदनुषंगिक बांधकाम करण्याचा मानस आहे. आता, आमच्याकडे घोडा पाहायचा तो चित्रात. घोड्यांच्या तबेल्याला पागा म्हणतात हे कुणाच्या बापाला ठाऊक? पागा म्हटल्यावर सगळ्यांनी धोंडूकडे पाहिलं, कारण पाग हा त्याचा विषय. धोंडूही खुलला. जाळी पावसात कुजतात, कुणी मोठ्या मनाचा माणूस ती ठेवायला खोप बांधून देतोय, असं त्याला वाटलं.

"पागेक कसली हरकत?" देवाकडे हात करून तो म्हणाला. "बऱ्यातलां काम आसा. होवंदे."

गावाने माना डोलावल्या. कारकून चहा पिऊन गेला.

सड्यावर भोवतीने दगडी कुंपणाचा गडगा उभा राहू लागला तेव्हा जाळ्यांना एवढी जागा कशाला, असं धोंडूला एकदा वाटून गेलं. पण मोठ्यांचं सगळं मोठंच असतं म्हणून त्याने ते सोडून दिलं. मग एक दिवस ट्रकमधून घोडे उतरले. वाडीतली पोरं नाचत धावली आणि पागा म्हणजे काय ते धोंडूला कळलं. तोवर सुरंगीचं झाड आणि तो जांभ्याचा तुकडा, दोन्ही गडग्याच्या आत गेली होती.

गावाने मामलेदारांकडे दाद मागितली. गावातर्फे बोलायला शाळेचे गुरुदास मास्तर होते. सुनावणीच्या आधी त्यांनी धोंडूला बाजूला घेऊन समजावलं, की तू तसं बोललाच नाहीस असं सांग, सगळा गाव तुझ्यामागे उभा राहील. एका खोट्याने सीतेची जागा परत मिळणार होती. मालवणच्या वाटेवर धोंडूने ते खोटं तोंडात घोळवून घोळवून पाठ केलं. पण कचेरीत उभा राहिला आणि त्याला देवाकडे केलेला आपला हात आठवला.

"बोललंय मी," तो म्हणाला. "पण माका वाटलां, पाग ठेवतत ती पागा."

आधी पट्टेवाला हसला, मग सगळी कचेरी. मामलेदारांनीसुद्धा तोंडाला रुमाल लावला. निकाल सरदारांच्या बाजूने लागला. सीतेच्या त्या जागेसकट ही सगळी गोष्ट सरदारांच्या कानावर गेली तेव्हा त्यांना वाईट वाटलं. बाईंना फाटकातून केव्हाही आत सोडा, असं त्यांनी आपल्या माणसांना बजावलं.

सीता गेली नाही. धोंडूने दोनदा विनवलं, तेव्हा ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "तुमी खरां बोललात, ता बरां केलात. पण आपल्या झिलाक भेटाक मी दुसऱ्याच्या दारार जावन उबी रवू?"

त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. सोमवारचा भात तेवढा ती शिजवायची आणि ताटात तसाच ठेवून द्यायची. काही वर्षांनी ती तापाने गेली.

तिचे दिवस झाल्यावर धोंडू आयुष्यात पहिल्यांदा सडा चढला. फाटकावर घाटावरचा नवा राखणदार होता, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. कुणाकडे काम आहे, त्याने विचारलं.

"माजो झील आसा भितर," धोंडू म्हणाला. "बाळा. तेका भेटाक इलंय."

राखणदार भला माणूस. म्हाताऱ्याला सावलीत बसवून तो आत गेला, घोड्यांच्या मोतद्दारांकडे, माळ्याकडे, स्वयंपाकघरात, सगळीकडे विचारून आला.

"बाळा नावाचं कुणी न्हाई हितं, बाबा," तो म्हणाला. "दुसरीकडं कुठं कामाला लागला असंल."

धोंडूला उलगडून सांगता आलं असतं. पण शब्दाचा उलगडा करायला गेलं की लोक कसे हसतात, ते त्याने एकदा कचेरीत पाहिलं होतं. "बरां," तो म्हणाला आणि सडा उतरू लागला. आई गेली, एवढंच त्याला मुलाला सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.