तीनशेपर्यंत पोचणारी झूम

खोब्रागडेकाका कोणतीही लेन्स हातात आली की आधी तिचा वास घेत. मागचं झाकण काढायचं, लेन्स नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दशहरी आंबा पारखणं चाललंय. "फंगस डोळ्याले मागून दिसते, नाकाले आधी कळते," असं ते म्हणत.

माझी त्यांच्याशी पहिली भेट अशीच झाली. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बँकेनं माझी बदली लखनौला केली होती आणि विकास नगरमध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सामान अजून अर्धं खोक्यांतच होतं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी पतंगांचे फोटो काढत होते. कॅमेरा माझ्या पगाराचा, झूम लेन्स पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडून घेतलेली, जुनी. टाकीचा नळ बंद करायला काका वर आले, थांबले आणि हात पुढे करून म्हणाले, "पाहू."

मी कॅमेरा दिला. त्यांनी लेन्स काढली, वास घेतला आणि मावळत्या उन्हासमोर धरून मला आत बघायला लावलं. काचेच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते.

"बाई, ही आजारी आहे. पावसाळाभर कपाटात होती न?"

होती. मला ते इतकं लागलं की जणू घरातल्या माणसाचं दुखणं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काका मूळचे भंडाऱ्याचे. एका सरकारी खात्यात नकाशे काढायचं काम करत. लखनौत येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली होती, तरी बोली भंडाऱ्याचीच राहिली होती. तिच्यात हिंदी शब्द असे मिसळायचे की कुठे काय संपलं ते कळू नये. बैठकीच्या खोलीत फळीवर एक छोटी बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी काकांचे दोन कॅमेरे, तेही मूर्तीइतक्याच निगुतीनं पुसलेले. हिवाळ्यात धुकं खिडकीला येऊन टेकायचं, सुमनकाकू आल्याचा चहा करायच्या, आणि काका लेन्सविषयी बोलायला लागले की ती खोली जमिनीपासून थोडी सुटून तरंगते आहे असं वाटायचं.

मला नवी झूम घ्यायची होती. कॅमेरा ज्या कंपनीचा, तिचीच लेन्स माझ्या आवाक्यात नव्हती. दुसऱ्या कंपन्यांनी त्याच कॅमेऱ्याला बसतील अशा बनवलेल्या लेन्सा स्वस्त मिळत, पण त्यांच्याविषयी जो तो नाक मुरडे. काकांनी मला हजरतगंजच्या मागच्या गल्लीत रिझवीसाहेबांच्या दुकानात नेलं. रिझवीसाहेब गिऱ्हाइकाला आधी पाणी, मग चहा आणि मगच लेन्स दाखवत. त्यांनी मखमलीवर दोन लेन्सा ठेवल्या. एका लेन्सकडे बोट दाखवून म्हणाले, "ये तो खानदानी है, मोहतरमा. और ये... बस, बाहर की है."

काका हसले. पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"रिझवीसाहब, अब काँच का भी खानदान पूछेंगे?" मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "नाव कोणाचं छापलं थे नको पाहू. काच कशी घासली थे पाह्य."

रिझवीसाहेब ओशाळले. त्यानंतर आमच्यासमोर त्यांनी 'खानदानी' हा शब्द कधी वापरला नाही.

काकांची पारखायची रीत ठरलेली होती. लेन्सचं तोंड जमिनीकडे करायचं. ती आपल्याच वजनानं घसरून लांब झाली तर नापास. "जिले स्वतःचं वजन धरवत नाही, थे तुह्या हाताचं काय धरणार?" मग झूम फिरवताना नेमलेला फोकस सुटतो का ते बघायचं. यातून उरेल ती लेन्स रिझवीसाहेबांच्या परवानगीनं दोन दिवसांसाठी घरी यायची. गच्चीच्या भिंतीला हिंदी वर्तमानपत्राचं लग्नाच्या जाहिरातींचं पान लावायचं, कॅमेऱ्याच्या तिपाईवरून त्याचे फोटो काढायचे आणि निगेटिव्ह आभाळासमोर धरून भिंगातून कोपरे वाचायचे. मी घेतली त्या लेन्सचा कोपरा वाचताना काका म्हणाले, "गोरी वाचता येते. गृहकार्य में दक्ष, तेही येते. सजातीय तेवढं पुसट आलं." भिंग खाली ठेवून त्यांनी निकाल दिला, "चांगली लेन्स आहे. घेऊन टाक."

मी घेतली. पण स्वतःसाठी मात्र काका काहीच घेत नसत. लेन्स आणायची, पारखायची, परत करायची. दीड वर्ष मी हे बघत होते. त्यांना शेवटी हवंय काय, असं विचारलं तर म्हणत, "तीनशे मिलिमीटरपर्यंत पोचणारी पाहिजे. लांबचं जवळ दिसलं पाहिजे."

"कशाला पण?"

"पक्षी," ते म्हणत. दर रविवारी सकाळी ते जुनी, कमी पल्ल्याची लेन्स लावून पक्षी टिपायला जातही.

त्या घरात आणखी एक खोली होती. तिचं दार लोटलेलं असायचं. दाराआड एक मोडलेली हॉकी स्टिक टेकवून ठेवलेली होती. ती खोली सुजाताची, त्यांच्या एकुलत्या मुलीची. तिची हकिगत मला काकूंनी सांगितली, पालक निवडता निवडता. सुजाता अभ्यासात हुशार होती. तिनं इंजिनिअर व्हावं म्हणून काकांनी शिकवणीपासून सगळी तयारी केली होती. तिनं परीक्षाच दिली नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलींच्या स्पोर्ट्स हॉस्टेलात हॉकी खेळायला गेली. आपल्या घराण्यात शाळेची पायरी चढणारे पहिले आपले वडील, हे काका कधी विसरले नव्हते. ते तिला म्हणाले होते, "परत यायचं असंल तर पुस्तकं घेऊन ये." आणि काकूंना म्हणाले होते, "या घरात तिचं नाव काढू नका." काकू बुधवारी लाडू घेऊन एकट्याच हॉस्टेलवर जात.

एका जानेवारीत रिझवीसाहेबांकडे तीनशेपर्यंत पोचणाऱ्या दोन लेन्सा एकदम आल्या. दोन्ही बाहेरच्या. काका त्या घेऊन आले आणि मला म्हणाले, "रविवारी चल. दुसरी लेन्स सांभाळायले कोणी पाहिजे."

आम्ही प्रवासी टेम्पोनं गेलो. धुकं इतकं दाट की समोरच्या सायकलवाल्याची घंटी आधी यायची आणि मग सायकल. मला वाटलं होतं, एखादं तळं असेल. आम्ही एका मैदानाच्या पायऱ्यांवर, कोपऱ्यात जाऊन बसलो. हळूहळू धुकं विरलं आणि पांढऱ्यातून आधी गोलचे खांब, मग मुली उमटल्या. सराव चालला होता. काकांनी तिपाई लावली आणि कॅमेरा डावीकडच्या गोलकडे वळवला. तिथली मुलगी पायांना जाड पॅड आणि डोक्याला हेल्मेट घालून उभी होती.

काकांनी खिशातून पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. आत जुन्या लेन्सनं काढलेले फोटो होते. प्रत्येकात हिरव्या मैदानावर तांदळाच्या दाण्याएवढी एक आकृती.

"चेहरा येत नाही," ते म्हणाले. "पाणी प्यायले हेल्मेट काढते तेवढंच. मिनिटभर."

त्या दिवशी ती दोनदा पाणी प्यायली. पहिल्यांदा त्यांनी एक लेन्स लावली होती, दुसऱ्यांदा दुसरी. मी शालीखाली हातातली लेन्स ऊबेत धरून बसले होते आणि शटरचे आवाज मोजत होते. ते मिनिट फार लांबलं, किंवा मला आता तसं आठवतं.

चार दिवसांनी फोटो आले. गच्चीवर ऊन पडलं होतं. काकांनी सतरंजीवर दोन रांगा मांडल्या. पहिल्या लेन्सचे फोटो मऊ होते, कडा विरघळलेल्या. सुजाताच्या केसांभोवती उजेडाचं वलय आलं होतं आणि चेहरा झोपेतून उठल्यासारखा दिसत होता. काका त्या रांगेवरून नजर काढेनात.

"हीच घेतो," ते म्हणाले. "हिच्यात थे आठवीतली दिसते."

मी दुसऱ्या रांगेतला एक फोटो उचलला. ही लेन्स कडक होती, गवताची पाती मोजावीत अशी. सुजाताची मान वर, बाटली तोंडाला, आणि हनुवटीखाली एक काळी रेघ. मला वाटलं, कागदावर ओरखडा आलाय. मी बोटानं पुसून बघितला. काकांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि भिंग लावलं. बराच वेळ ते वाकलेलेच होते.

"टाके आहेत," ते म्हणाले. मग जिन्याकडे तोंड करून ओरडले, "सुमन!"

काकू ओल्या हातांनी वर आल्या. त्यांनी फोटोकडे एकदाच पाहिलं.

"दहा दिवस झाले. सरावात हेल्मेट न घालता उभी होती, कोणाची तरी स्टिक लागली."

"मले सांगितलं नाही?"

"तुम्हीच म्हणाले होते, तिचं नाव काढू नका," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी नाही काढलं."

त्या खाली गेल्या. काकांसमोर सतरंजीवर तीच मुलगी दोनदा मांडलेली होती. नंतर त्यांनी मऊ फोटोंची रांग गोळा केली, नीट एकावर एक ठेवली आणि म्हणाले, "उद्या येशील का माह्यासंगं? एकट्यानं जमणार नाही मले."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. काकांनी कॅमेरा घेतला नव्हता. मैदानाशी आल्यावर ते पायऱ्यांकडे वळले, थांबले आणि थेट मैदानाच्या रेषेपर्यंत चालत गेले. मी दोन पावलं मागे. गोलमधल्या मुलीनं हेल्मेट काढलं.

"पापा? आप इधर कैसे?"

"हनुवटी दाखव."

"ठीक है अब."

"दाखव म्हणतो न."

तिनं एकदा प्रशिक्षक बाईंकडे पाहिलं, जवळ आली आणि मान वर केली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि निगेटिव्ह बघावी तसं अगदी जवळून पाहिलं. हात लावला नाही.

"किती टाके?"

"चार."

हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. तिनं तो कोणत्या भाषेत उच्चारला, हे मला आजही सांगता येणार नाही.

"मले कळवायचं नाही?"

"आप तो वहाँ ऊपर बैठे रहते हैं. कितने महीनों से," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "क्या करती, सीढ़ी चढ़ के बताती?"

"तुले दिसत होतो मी?"

"गोलकीपर हूँ, पापा. देखना ही काम है मेरा. पानी पीने के लिए पूरा हेल्मेट कौन उतारता है इस ठंड में? बाकी लड़कियाँ हँसती हैं."

काकांनी चष्मा खाली घेतला. काचा पुसायला रुमाल काढला आणि पुसतच राहिले. सुजातानं पॅड घातलेल्या अवजड पायांनी एक पाऊल रेषेबाहेर टाकलं आणि त्यांच्या हातातून चष्मा घेऊन आपल्या जर्सीला पुसून परत दिला. जर्सीला चिखल होता. चष्मा आणखीच मळला. काकांनी तो तसाच डोळ्यांवर चढवला.

दोन्ही लेन्सा परत गेल्या. "पसंद नहीं आईं?" रिझवीसाहेबांनी विचारलं. "पसंद तो दोनों आईं," काका म्हणाले. "दूर का काम नहीं रहा."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. सुजातानं हॉकी सोडली नाही आणि काकांनी पुस्तकं. ते स्वतः हॉस्टेलवर पुस्तकं पोचवत. ती अर्धी तशीच परत येत. पण रविवारी ती जेवायला घरी येऊ लागली, लोटलेलं दार उघडं राहू लागलं, आणि काकांनी पन्नाशीत हॉकीचे नियम पाठ केले. रेषेपाशी उभे राहून ते इतके ओरडत की प्रशिक्षक बाईंनी त्यांना एकदा पायऱ्यांवर जाऊन बसायला सांगितलं. ते गेले नाहीत.

पुढे खेळावरच सुजाताला नोकरी मिळाली. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एका सकाळी चहा पिऊन ते गच्चीवर उन्हात बसले ते उठलेच नाहीत, असं काकूंनी फोनवर सांगितलं. मी जाऊ शकले नाही. त्यामुळे असेल, मला ते आठवतात ते माझ्या बदलीच्या दिवशीचे, चारबाग स्टेशनवरचे. सुजाताही आली होती. मी खिडकीपाशी बसले होते, आणि आदल्या दिवशीच्या सामन्यात तिनं पुढे धावत जायला हवं होतं की गोलमध्येच थांबायला हवं होतं, यावरून दोघांचं जुंपलं होतं. ते भंडाऱ्याच्या मराठीत, ती लखनवी हिंदीत. काकूंनी माझ्या हातात डबा दिला आणि हताशपणे हसल्या. गाडी हलली. काकूंनी हात केला. ती दोघं मात्र मला निरोप द्यायचं साफ विसरली होती. गर्दीच्या मधोमध उभं राहून काका हातानं हवेत गोलचे खांब आखत होते आणि सुजाता ते पुसून दुसरीकडे आखत होती. फलाट संपेपर्यंत मी पाहत राहिले. दोघांतलं कुणीही माघार घेत नव्हतं.