नाकाने मोजलेलं क्लोरीन

कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिनानाथ घरतचा वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हरने उतरायचं, क्लीनरने उतरायचं, केबिनमधला पाण्याचा कॅनसुद्धा खाली ठेवायचा, इतका हा माणूस काटेकोर. पण पळस्प्याजवळच्या आपल्या बंगल्यात शिरला की त्याला एकच माप कळायचं, मूठ. कालवणात मीठ टाकावं तशी तो स्विमिंग पूलमध्ये क्लोरीनची पावडर टाकायचा आणि काठावर उभा राहून हवा हुंगायचा. वास नाकाला झोंबला की खूश.

पूल त्याने बांधला, कारण शेजाऱ्याने बांधला होता. याहून मोठं कारण आम्हा गाववाल्यांना तरी कधी सापडलं नाही. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. पोहता यायचं ते त्याच्या बायकोला. दमयंतीबाई उरणजवळच्या करंजाच्या, होड्यांमध्ये वाढलेल्या, लहानपणी धक्क्यावरून पाण्यात उड्या मारलेल्या. पण त्यांनी पुलाबद्दल काही बोलायला तोंड उघडलं की हा म्हणायचा, "तुला खारं पानी म्हाईत. ह्ये तुझ्या डोक्याचं काम नाय."

त्या उन्हाळ्यात पुण्याहून मुलगा कल्पेश आला. त्याचा साखरपुडा बंगल्यावरच व्हायचा होता. येताना त्याने पाणी तपासायची एक लहानशी पेटी आणली होती. पुलातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्याने थेंब टाकले.

"बाबा, हे बघा. गुलाबी व्हायला हवं होतं, जरासुद्धा झालं नाही. क्लोरीन संपलंय यातलं."

"संपलंय? अरं, वास बग किती येतोय!"

"वास येतोय म्हणूनच सांगतोय. लोकांचा घाम, लघवी यांच्याशी झुंजून क्लोरीन खर्च झालं की असा वास सुटतो. चांगल्या पाण्याला तो फारसा नसतोच. आणि तुम्ही पावडर टाकता भर दुपारी, उन्हात ती टिकणार कशी? संध्याकाळी टाका, पण मोजून."

"कंपनीवाल्यांना डबे खपवायचेत, आन् तुमी शिकलेली पोरं त्यांची जाहिरात करता," दिनानाथ म्हणाला. "माजं नाक काय मेलंय?"

पेटी कपाटात गेली. साखरपुड्यासाठी पाहुणे जमू लागले. नात्यातली चिल्लीपिल्ली दिवसभर पाण्यात डुंबत होती, डोळे चोळत बाहेर येत होती आणि दिनानाथ खुर्चीवरून सगळ्यांना ऐकवत होता, "डोळं चुरचुरतात म्हंजे पानी एकदम शुद्ध!" असा माणूस वजनकाट्यावर बसतो आणि बाजार त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, याचं मला आजही नवल वाटतं.

साखरपुड्याच्या सकाळी पाणी हिरवं झालं होतं. तळ दिसत नव्हता. मुलीकडची मंडळी दुपारपर्यंत यायची होती. दिनानाथने पावडरचा अख्खा डबा बादलीत रिकामा केला. मग त्याला आठवलं, बाजारात कुणीतरी म्हणालं होतं की ॲसिडने पाणी चकाचक होतं. पंपाच्या खोलीत फरशी धुवायचं ॲसिड होतं. दोन्ही वेगवेगळं का टाकायचं, असा या शहाण्याने विचार केला आणि ॲसिड आणून पुलाच्या काठावरच्या त्याच बादलीत ओतलं.

बादलीतून पिवळट-हिरवा धूर उठला. दिनानाथला ओरडताही येईना. छाती धरून तो गुडघ्यांवर बसला. खोकल्याचा आवाज ऐकून दमयंतीबाई धावत आल्या. क्षणभर थांबून त्यांनी वारा कुठून येतोय ते पाहिलं, पदर नाकाला लावला, त्याला बनियनला धरून फरफटत फाटकाकडे नेलं आणि घराकडे वळून ओरडल्या, "पोरांना मागच्या दारानं काढा! हिकडं कोनी येऊ नका!"

पनवेलच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. साखरपुडा पुढे ढकलावा लागला. मुलीचे वडील भेटायला आले, तेव्हा या गृहस्थाने मास्क बाजूला सारून त्यांना काय सांगावं? "ॲसिड डुप्लिकेट निघालं."

पलंगाशेजारी दमयंतीबाई बसल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी नवऱ्याला कधी खोडून काढलं नव्हतं.

"ॲसिड खरंच व्हतं," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "अक्कल डुप्लिकेट निगाली."

कल्पेश हसायचं दाबत खिडकीकडे वळला. व्याही मात्र मोकळेपणाने हसले, आणि सोयरीक टिकणार हे तिथेच कळलं.

दवाखान्यातून परतल्यावर पंपाच्या खोलीची किल्ली दमयंतीबाईंनी आपल्या कमरेला लावली. कपाटातली पेटी काढली. आता त्या रोज नळीत थेंब टाकतात, रंग उजेडात धरून बघतात, ऊन कलल्यावर पावडर पाण्यात कालवून सोडतात. ॲसिडला त्या खोलीत जागा नाही. पाण्याला वास येत नाही आणि तळाची प्रत्येक फरशी दिसते. पहाटे त्या गाऊनवरच उतरतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत निवांत हात मारत राहतात.

दिनानाथ काठावर खुर्ची टाकून बसतो. छातीत अजून शिट्टी वाजते, पण तोंड बंद नाही.

"आज जरा जास्त टाक गो. वासच येत नाय."

दमयंतीबाई पाठीवर तरंगत असतात. कान पाण्याखाली असतात, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू येत नाही. निदान त्या तसं सांगतात. पाहुणे आले की तोच उठून पुढे होतो. "पानी बगा," म्हणतो, "हिला सगळं मीच शिकवलं." आणि पाहुण्यांनी पाण्यात उतरायचा आग्रह केला, की त्याला लगेच सर्दी होते.