एकाच पत्त्याचे दोन रीडर

रझियाआपांनी मेमो माझ्यापुढे धरला. “मॅडम, इंग्लिशमें है. क्या लिखे, जरा पढके बोलो.”

तीन रॅकांतली एकशे बारा पुस्तकं गहाळ. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कारवाई. चिक्कडपल्लीच्या या लायब्ररीत आपा बावीस वर्षं अटेंडर आहेत.

मी नेटवर्क बघते. वायफाय तुटतंय म्हणून मला बोलावलं होतं. आमच्या कंपनीने तिथे नुकतीच आरएफआयडी बसवली होती. म्हणजे प्रत्येक पुस्तकात एक चपटा टॅग. हातातला रीडर रॅकसमोरून फिरवला की तो टॅग वाचतो आणि वायफायवरून यादी सर्व्हरला पाठवतो. यादीत जे पोचलं नाही, ते सॉफ्टवेअर ‘मिसिंग’ दाखवतं.

“आपा, मग पुस्तकं गेली कुठे?”

“कहाँ जाते? रॅकमेंच हैं. चार दिनसे बोलरई, कोई सुनताच नई.”

आम्ही रॅकपाशी गेलो. यादीतलं पहिलं पुस्तक जागेवर. दुसरंही. विसाव्या पुस्तकानंतर मी मोजणं सोडलं. माझं डोकं तापलं होतं. मेमो टाइप करायला लायब्रेरियन साहेबांना वेळ होता, इथवर चालत यायला नव्हता.

कारण अर्ध्या तासात सापडलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा आयपी अॅड्रेस लागतो, घरनंबरासारखा. आमच्याच माणसाने लायब्ररीतल्या दोन्ही रीडरना एकच नंबर दिला होता. दोन्ही एकदम चालू झाले की एकाचं कनेक्शन तुटायचं. आपांच्या हातातला रीडर बीप करत राहायचा, पण यादी पुढे जातच नव्हती.

मी मॅनेजरना फोन केला. ते पुण्याचे, माझ्याशी मराठीतच बोलतात.

“रिपोर्टमध्ये युजर एरर टाक,” ते म्हणाले. “क्लायंटपुढे आपली चूक कशाला?”

“सर, युजर म्हणजे रझियाआपा. त्यांची नोकरी जाईल.”

“ते त्यांचं अंतर्गत आहे. तू त्यात पडू नकोस.”

मी पडले. नंबर बदलला, आपांकडूनच तिन्ही रॅक पुन्हा स्कॅन करून घेतले. एकशे बाराच्या एकशे बारा हजर. चूक आमची, असं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं आणि आपांना सोबत घेऊन तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचला. “ठीक है, आपा. मेमो को छोड दो.”

आपा हलल्या नाहीत. “सर, आप लिखके दिए थे. लिखकेच वापस लेओ.”

साहेबांनी दोन ओळी लिहून सही केली. माफी मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात मला त्या साइटवरून काढलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हल्ली ट्रेनिंग देताना मी नव्या मुलांना एवढंच सांगते: ‘मिसिंग’ म्हणजे मशीनला दिसलं नाही. चोरीला गेलं, असं मशीन कधीच म्हणत नाही. ते माणसं म्हणतात, खुर्चीतून न उठता.