अंबाड्यातली पेन्सिल

नानाखेड्यात आमच्या समोर राहणाऱ्या काकू बँकेत क्लार्क होत्या, आणि त्यांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. गल्लीत केबल आली, सगळ्या बायका टीव्हीला चिकटल्या; काकू मात्र वाचनालयाच्या कादंबऱ्यांनाच. वाचताना पेन्सिल बाहेर यायची आणि समासात निकाल लागायचा. जादूच्या राज्यात उडणारे घोडे असले की, 'मग सैन्य पायी का चाललंय?' नायक-नायिका पावसात भिजले की, 'आता सर्दी.' पण शेवटी लग्न झालं तर काकू भडकायच्याच.

"ये क्या बात हुई! दोनशे पानं रडवलं आणि शेवटी बँड वाजवला? लेखकात हिंमतच नाही."

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, रडायचं बिलकुल नाही. काकू रोज बँकेतून परस्पर आमच्याकडे यायच्या आणि एक नवी प्रेमकथा थोडी थोडी वाचून दाखवायच्या. शेवटच्या दिवशी नायिका आजारातून उठली, स्टेशनवर नायक भेटला, सनई वाजली. आई खूश.

"काकू, आज चिडला नाहीत?" मी विचारलं.

"कधी कधी चलता है," म्हणत त्यांनी पुस्तक पटकन पिशवीत टाकलं.

महिन्याभराने तेच पुस्तक मी वाचनालयातून आणलं. शेवटच्या पानावर नायिका मेली होती. स्टेशन नव्हतं, सनई नव्हती. समासात काकूंची पेन्सिल होती: 'शाब्बास! या लेखकात हिंमत आहे.'