डेअरीपुढचा लिंब

मी मोबाइल टॉवरवरच्या रेडिओंचे सर्किट बोर्ड आखते. आमच्या लहरींचे नखरे फार. वाटेत हिरवा पाला आला तरी अडून बसतात. नव्या रेडिओची पहिली चाचणी कुठं घ्यायची यावर ऑफिसात चर्चा चालली होती, तेव्हा मी हट्टानं केजजवळचं आमचं गाव पुढं केलं. कारण सांगितलं कोरड्या हवेचं. खरं कारण अप्पा, माझे वडील. आई गेल्यापासून ते एकटेच होते आणि गावच्या सहकारी डेअरीत दुधाचं फॅट तपासायचे. साध्या फोनवर त्यांचा आवाजही तुटत यायचा. मला त्यांचं तोंड रोज बघायचं होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. डेअरीच्या छपरावर आमचा रेडिओचा डबा बसवला, समोर हायवेचा टॉवर. मध्ये एक कडुलिंब होता, पण नुसत्या काटक्या. मेलेलाच म्हणून मी तो हिशेबात धरलाच नाही. त्या संध्याकाळपासून अप्पा रोज पडद्यावर दिसू लागले, चष्म्यावर दुधाचे शिंतोडे तसेच.

टँकरच्या दोन तांब्यांत ते अंघोळ उरकायचे, तीही त्या लिंबाच्या बुडाशी बसून. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाण्यावर चैत्रात लिंब पालवला आणि अप्पा पडद्यावरून नाहीसे झाले.

मी फोन केला. "अप्पा, समोरच्या दोन फांद्या तोडून टाका ना."

"कावून तोडू? तेनं माझ्यासंगट दुष्काळ काढलाय. तुला मला बघायचं हाय ना? मग ये की."

मी चिडले. "झाड मोठं की लेक?" असंही बोलून गेले. गावाला मात्र गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष गेलं, आणि अप्पाही गेले.

डबा अजून तिथंच आहे. दर चैत्रात त्या सिग्नलचा आलेख धाडकन पडतो, ऑफिसातले कपाळाला हात लावतात आणि मला बरं वाटतं. दुरुस्ती मी मुद्दाम टाळत आले.

यंदा पुन्हा दुष्काळ. चैत्र सरला तरी आलेख पडला नाही. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "अभिनंदन! तुमच्या गावचा सिग्नल एकदम झकास चाललाय."

मी डेअरीत फोन लावला. अप्पांच्या जागी आता एक मुलगी असते.

"पुढचा लिंब कसाय गं?"

"वाळला की, ताई. पाणी घालनारं कोण हाय आता?"

फोन ठेवून मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. अप्पा 'ये की' म्हणाले होते तेव्हा लिहायचा होता तो.