गाऱ्हाण्यातलं न ऐकू येणारं ‘व्हय’

आधीच सांगतो, इथले भुताखेतांचे अनुभव वाचून खाली हसण्याचे इमोजी टाकणाऱ्यांपैकी मी एक. लांज्यात हायवेलगत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओत खांबामागे ‘कुणी बाई दिसते’ म्हणून घाबरलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत – ती बाई बहुतेक वेळा नवऱ्याची रुसलेली आत्या असते. तर असा मी... आणि गेले कित्येक महिने एक क्लिप हार्डडिस्कवर ठेवून बसलोय. पुसवतही नाही, बघवतही नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मित्रांनी शॉर्टफिल्म करायला घेतली. विषय गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरच्या नशेचा. पुडी आता आमच्याकडेही मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. पण रडकी फिल्म कोण बघणार? म्हणून ब्लॅक कॉमेडी. गालात गुटखा धरून व्यसनमुक्तीच्या रॅलीला झेंडा दाखवणारा पुढारी, ‘आमचा मुलगा नाइट शिफ्टला असतो’ असं शेजाऱ्यांना सांगणारे आईवडील, आणि मधोमध आमचा हिरो – गर्दुल्ला, पण बोलायला एकदम गोड. तो रोल केला माझ्या धाकट्या भावाने, ओंकारने. मुंबईची नोकरी सोडून तो नुकताच घरी आला होता. गालफडं बसलेली, बोटं थरथरायची, बोलता बोलता मध्येच हरवायचा. आम्ही म्हणायचो, काय तयारी केलीय रोलची! आईसुद्धा कौतुकाने सांगायची की पिक्चरसाठी त्याने जेवण कमी केलंय.

फिल्ममधला सगळ्यात भारी सीन म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. एकाने नारळ हातात घेऊन देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमचा गर्दुल्ला गाऱ्हाणं घालतो, असा तो सीन. देवळात नको म्हणून गावच्या सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यावर, सकाळच्या उन्हात शूट केलं.

ओंकारने नारळ धरला. पोलिसांच्या डोळ्यांवर झापड येऊ दे रे म्हाराजा... व्हय म्हाराजा. आईला कपाटाच्या चावीचा विसर पडू दे... व्हय म्हाराजा. खरं तर हे म्हणायचं होतं फक्त समोर उभ्या असलेल्या पाच मित्रांनी. पण जित्याची खोड! कॅमेऱ्यामागून मी म्हणालो, आवाज रेकॉर्ड करणारा प्रसाद म्हणाला, गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक काकू थांबून भाऱ्यासकट म्हणाल्या. नारळ धरून कुणी देवाला हाक मारली की आमच्या तोंडून ते निघतंच. शेवटचं मागणं स्क्रिप्टमध्ये असं होतं – ‘ह्या लेकराला ह्याच्यातून कधी भायेर काढू नको रे म्हाराजा.’ सगळ्यांनी दणक्यात ‘व्हय’ केलं आणि हसत सुटलो.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत एडिटला बसलो. दुपारची वेळ, बाहेर एसटीचे हॉर्न. पहिल्या मागण्यांना आवाज ठणठणीत. मग शेवटचं मागणं आलं... आणि उत्तरच नाही. पाचही जणांची तोंडं उघडतात, मिटतात. हसताना दात दिसतात, पण हसणं ऐकू येत नाही. बरं, आवाज बंद पडला म्हणावं तर पाठीमागे तांबट पक्ष्याचं टुकटुक चालू आहे. नारळाच्या शेंडीवर फिरणारी ओंकारची नखं ऐकू येतात. फक्त माणसं नाहीत.

रेकॉर्डरचा घोळ असेल म्हणून कॅमेऱ्यातला आवाज तपासला. मग एकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तपासला. तिन्हीकडे तेच! प्रसादला बोलावून घेतलं. हेडफोन लावून त्याने पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मागवलेला चहा तसाच ठेवून निघून गेला.

पण खरं सांगू? मला भीती त्या शांततेची नाही वाटली. आमचं ओरडणं निघून गेल्यावर ओंकारचं वाक्य तिथे एकटं उरलं होतं. सहाणेवर ते विनोदी वाटलं होतं. आता त्याच्या शेवटी अडकलेला श्वास ऐकू आला... तो अभिनय नव्हता.

घरी जाऊन त्याला विचारलं. आधी चिडला, मग आईची शपथ घेतली, मग भिंतीला टेकून खाली बसला. मुंबईपासून चालू होतं. म्हणाला,

‘दादा, ते बोलताना वाटलं, एक जण तरी “नाय” बोलंल. सगळी “व्हय”च बोललात.’

त्याला घाटावरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. फिल्म तिथेच थांबली. प्रसादच्या ओळखीच्या एका साउंडवाल्याने मधल्या काळात फाइल्स तपासल्या. म्हणाला, काहीतरी टेक्निकल असेल. तिन्हीकडे, एकाच जागी, फक्त माणसांचाच आवाज कसा जाईल, मी विचारलं. ह्यावर तो म्हणाला की तुमच्या गावाला विचारा. आईचं म्हणणं सरळ होतं – देवाने ते ‘व्हय’ घेतलंच नाही. तिने सहाणेवर नारळ ठेवला, हात जोडले. मी चेष्टा केली नाही.

ओंकार परत आला तेव्हा अंगाने भरला होता, झोप लागत होती. हल्ली काजूच्या कारखान्यात जातो. मागच्या महिन्यात हट्टाने म्हणाला, ती क्लिप दाखव. मला वाटलं, बघू दे, तिच्यामुळेच तर हाती लागला. हेडफोन त्याच्या कानांवर होते, मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शेवटच्या मागण्याला तो दचकला आणि त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

‘किती मोठ्यानं बोलतायत सगळी... तू तर बोललास आवाज नाय.’

मी हेडफोन लावले. क्लिप मागे घेतली, पुन्हा लावली. तांबट, नखं, त्याचं ते वाक्य. पुढे काही नाही.

त्याला म्हणालो, हो रे, आहे आवाज, माझंच चुकलं. दुसरं काय सांगणार होतो? तो ‘बरं’ म्हणाला आणि कामाला गेला. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही; देवाने ते ‘व्हय’ घेतलंच नाही, असं ती धरून बसलीय. माझ्याकडे ह्याचं काहीही explanation नाही, आणि कुणाकडे असलं तर ऐकायची हिंमत होईल की नाही, सांगता येत नाही. कारखाना सुटल्यावर त्याला घरी यायला जरा उशीर झाला, की मी शटर अर्ध्यावर ओढतो आणि हायवेवर जाऊन उभा राहतो.